पित्ताशयाचं ऑपरेशन आणि घरी एकटीच: आधी काय काय तयारी करू?

सावली५२
पित्ताशयात खडे आहेत. पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलंय, एक रात्र हॉस्पिटलात ठेवून दुसऱ्या दिवशी सोडणार. वय ५२, बीपी-शुगर नाही. डोंबिवलीत एकटी राहते, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरातली पहिली रात्र मोठी बहीण थांबेल, मग ती नागपूरला परत. पाणी सकाळी तासभरच येतं, बादल्या भरून ठेवाव्या लागतात. हॉस्पिटलच्या कागदावर ‘जड उचलू नये, हलका आहार घ्यावा, त्रास झाल्यास संपर्क साधावा’ एवढंच लिहिलंय. जड म्हणजे किती? हलका म्हणजे काय? आणि रात्री दोनला फोन करण्याजोगा त्रास कोणता?

वॉर्डसिस्टर
बहिणीला पहिल्या रात्री राहू द्याच. भुलीचे पहिले २४ तास एकटं राहू नये; ते बहुतेक हॉस्पिटलातच जातील, पण घरी पहिल्या रात्रीही बाथरूमला उठताना चक्कर येऊ शकते.

उठायची पद्धत आजपासूनच घटवून ठेवा. सरळ पाठीवरून उठून बसायचं नाही. गुडघे दुमडा, अख्खं अंग एका कुशीला वळवा, पाय पलंगावरून खाली सोडा आणि खालचं कोपर व वरचा हात गादीवर रेटून बसा. मिनिटभर बसून मगच उभं राहा. खोकला किंवा शिंक आली तर उशी पोटावर घट्ट धरायची.

उजवा खांदा दुखेल, घाबरू नका. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, तो थोडा उरतो आणि श्वासपटलाला (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याला) चुरचुरतो. त्या पडद्याची आणि खांद्याची नस एकाच मुळाची, म्हणून कळ खांद्यात. चालल्याने बरं वाटतं, दोन-तीन दिवसांत जातं. पण छातीवर दाब, घाम, धाप असेल तर तो गॅस समजून थांबू नका, सरळ १०८.

गोळ्यांचा हिशोब कागदावर मांडा. डोलो ६५० दिवसातून चारदा म्हणजे २६०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. त्यात अल्ट्रासेट (ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल अशी दुखण्यावरची जोडगोळी) तीनदा असेल तर तिच्यातही प्रत्येकी ३२५ असतं, झाले ३५७५. निरोगी मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४०००, वजन कमी किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी. अंग कसकसतंय म्हणून वर घरातली एखादी क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लॅम घेतली की गडबड होते, त्यांतही पॅरासिटामॉल असतंच. एकट्या माणसाने घेतलेल्या गोळीपुढे वेळ लिहावी. गुंगीत ‘घेतली की नाही’ आठवत नाही.

अल्ट्रासेटमधल्या ट्रॅमाडॉलने मळमळ आणि बद्धकोष्ठता होते. तिच्यावर इसबगोल फारसं चालत नाही, पाणी कमी पडलं तर पोट उलट जड होतं. डिस्चार्जच्या वेळीच लॅक्टुलोजचं सिरप लिहून मागा. मानसिक आजाराच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर ट्रॅमाडॉल लिहिण्याआधी डॉक्टरांना सांगा.

ओट्यापाशी
जड म्हणजे किती, ते सांगते. सर्जन वेगवेगळा आकडा देतात, पण पहिले दोन आठवडे ४-५ किलोच्या वर नको. बेंबीपाशी साधारण १० मिलिमीटरचं भोक असतं. वरची कातडी आठवड्यात जुळते, आतला थर जुळायला बरेच आठवडे लागतात. त्यावर जोर पडला तर तिथेच हर्निया होतो.

आता घरात बघा. भरलेली २० लिटरची बादली २० किलो. नळाला पाइप लावून ती जागच्या जागी भरा आणि हलवूच नका. बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल ठेवा, वाकून तांब्या बुडवायला लागू नये. पाच लिटरचा कुकर वरणभातासकट पाच किलोच्या आसपास जातो, म्हणून दोन लिटरचा काढा. भरलेला सिलिंडर ३० किलोच्या घरात, तो ऑपरेशनआधीच बदलून घ्या. रोजचे डबे कंबर ते खांदा या उंचीत आणा. पीठ-तांदूळ किलो-किलोच्या पिशव्यांत.

दाराला आतून कडी लावू नका, फक्त लॅच. एक किल्ली शेजारी. सकाळी आठ आणि रात्री नऊला ठरलेल्या माणसाला मेसेज. अर्ध्या तासात आला नाही तर त्याने फोन करायचा, उचलला नाही तर शेजाऱ्यांनी दार उघडायचं. हे शेजाऱ्यांना तोंडी नीट सांगा, नाहीतर ते बेल वाजवत बसतात.

तूपभात
आमच्याकडे तर पित्ताशय काढलं की तूप कायमचं बंद, असंच सांगतात.

वॉर्डसिस्टर
त्याची गरज नसते. पित्त लिव्हर तयार करतं, पित्ताशय ते फक्त साठवायचं. आता ते थेंबाथेंबाने थेट आतड्यात येतं, म्हणून एकदम भरपूर तेल-तूप झेपत नाही. पहिले दोन-तीन दिवस पेज, मुगाची खिचडी, पातळ ताक. मग पोळी-भाजी, फोडणी चमचाभर तेलाची. दोन मोठ्या जेवणांऐवजी चार-पाच छोटी. डबेवाल्या काकूंना ‘पथ्याचं’ म्हणू नका, ‘तर्री नको, तळण नको’ असं सांगा. काही आठवड्यांनी अर्धा चमचा तूप घेऊन बघा.

सावली५२
आभार. जिने चढू शकेन का? आणि फोनचं राहिलं.

वॉर्डसिस्टर
जिना चालेल, कठडा धरून सावकाश, हातात पिशवी नको.

दुखणं रोज थोडं उतरलं पाहिजे. उतरलेलं पुन्हा चढायला लागलं, तर रात्रीचे दोन का वाजलेले असेनात, फोन करा. पित्त आत गळत असेल तर ते बहुधा पहिल्या आठवड्यात, घरी आल्यावरच कळतं. पोट फुगून उलट्या थांबेनात, १०१ फॅरनहाइटच्या वर ताप, हुडहुडी, लघवी काळ्या चहासारखी, शौच पांढुरकं, डोळे पिवळे: यातलं काहीही झालं तरी फोन. डोळे दिवसाउजेडी बघा, पिवळ्या बल्बखाली काही कळत नाही. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल तर त्याच दिवशी दाखवा. धाप लागली तर १०८.

बेंबीभोवती काळंनिळं, टाक्याखाली गाठीसारखं कडक, घशात खवखव, दिवसातून दोन-तीनदा पातळ शौच, हे सकाळपर्यंत थांबू शकतं.

ड्रेनची नळी (पोटात साचणारं पाणी बाहेर पिशवीत काढणारी) ठेवून सोडलं, तर रोज ठरल्या वेळी पिशवी रिकामी करून मिलिलिटर आणि रंग लिहा. लालसर-पिवळसर पाणी चालतं. हिरवट किंवा गडद सोनेरी दिसलं तर फोटो काढून लगेच सर्जनला पाठवा.

ओट्यापाशी
काढलेलं पित्ताशय तपासणीला जातं, त्याचा रिपोर्ट बहुधा टाके दाखवायला जाता तेव्हा तयार असतो. तो मागून घ्या आणि डॉक्टरांसमोर उघडा. एकटं माणूस बरं वाटायला लागलं की तेवढ्यासाठी परत जात नाही, आणि खड्यांसोबत क्वचित कॅन्सर निघतो तो याच कागदात कळतो.