जुनी बीएमएक्स भंगारात गेली की तिच्यासोबत काय जातं?

म्हापसेकर:
परवा म्हापशात भंगाराच्या गाड्यावर वीस इंची चाकांची एक बीएमएक्स, म्हणजे कसरतींची छोटी सायकल, दिसली. किलोच्या भावाने घरी आणली. डावीकडचे दोन्ही पेग (चाकाच्या आसाला बाहेरून लावलेल्या आखूड नळ्या) घासून चपटे झालेत, उजवीकडचे जवळजवळ कोरे. म्हणजे चालवणारा कठड्यावरून डाव्या अंगानेच घसरायचा. हँडल गरगर फिरवलं तरी ब्रेकची वायर गुंडाळू नये म्हणून बसवतात तो रोटरही आहे. सायकल कोणाची, हे भंगारवाल्याला ठाऊक नाही.

गोव्यात ज्यांनी ज्यांनी फ्रीस्टाइल, म्हणजे या सायकलवरच्या कसरती, केली त्यांचे फोटो, व्हिडिओ, आठवणी आत्ताच गोळा करायला हव्यात. हा खेळ वर्गात कोणी शिकवला नाही, एकाचं बघून दुसरा शिकला. फ्रीस्टाइलचा जनक मानतात त्या बॉब हॅरोने १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात काय केलं ते आज कळतं, कारण तिथे छापणारे होते. १९८४ मध्ये तर 'फ्रीस्टाइलिन' हे मासिकच निघालं. आपल्याकडे कोणी लिहिलंय?

डिचोलीकर:
बाब, तळमळ कळते, पण पटत नाही. खेळ त्यांचा, इतिहासही त्यांनी जपलाय. आमच्या पोरांना गुळगुळीत सिमेंट मिळत नाही. देवळासमोर खेळली की हाकलतात, रस्त्यावर गाड्या. आधी रॅम्प मागा. चालवणारेच उरले नाहीत तर तुमचे फोटो बघणार कोण?

म्हापसेकर:
रॅम्पच्या निवेदनावर पहिली सही माझी. पण 'इथे हे खेळतं कोण?' असं विचारलं तर पुढे काय ठेवणार?

फोंड्याची ताई:
माझा मुलगा फ्लॅटलँड, म्हणजे सपाट जमिनीवरच्या कसरती, करतो, म्हणून लिहिते. टोकियोत २०२१ मध्ये शार्लट वर्दिंग्टन पहिल्या फेरीत पडली आणि दुसऱ्या फेरीत ३६० बॅकफ्लिप (हवेत मागे कोलांटी घेत पूर्ण गिरकी) मारून सुवर्ण घेऊन गेली, ते जगाने पाहिलं. पण ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइलपैकी फक्त पार्क, म्हणजे रॅम्पवरचा प्रकार, आहे, फ्लॅटलँड नाही. पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या केव्हिन जोन्सने ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फ्लॅटलँडची रीतच बदलली. ते सगळीकडे पोचलं व्हिडिओ कॅसेटींमुळे. मुलाचा एक व्हिडिओ माझ्या जुन्या फोनमध्ये होता. फोन पाण्यात पडला, व्हिडिओ गेला. तेव्हा तो अकरा वर्षांचा होता.

पणजीकर:
आठवणी लिहा, जरूर लिहा. सायकल मात्र भिंतीला टांगू नका. आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत बेअरिंग जाम होईल. दुरुस्त करा आणि एखाद्या पोराला द्या.

म्हापसेकर:
दिली की पेगवरच्या खुणा नव्या घासण्याखाली पुसल्या जातील, तेच जिवावर येतं. जुने पेग काढून ठेवतो, नवे बसवून देतो. फ्रेम मुळात निळी, वरून ब्रशने काळा रंग मारलेला. कोणी ओळखलं तर कळवा.

डिचोलीकर:
माझं मत तेच आहे, आधी रॅम्प. पण पोराला देणार असाल तर सोबत हेल्मेट द्या, त्याचे पैसे मी देतो.