ठिबकने पाणी वाचते, की नुसते दुसऱ्याच्या वाट्याचे संपते?

मूळ मुद्दा

वर्षानुवर्षे अवर्षण सोसणाऱ्या प्रदेशांना सुचवला जाणारा पहिला उपाय बहुधा ठिबक सिंचन हाच असतो. माझा आक्षेप तंत्राला नाही, हिशेबाला आहे. समजा, मोकाट सिंचनात शेताला शंभर भाग पाणी दिले. साठ भाग पिकाने आणि उन्हाने घेतले, चाळीस झिरपून खालच्या विहिरींना मिळाले. ठिबक आल्यावर सत्तर भागांत काम भागले आणि कागदावर तीस भागांची बचत दिसली. पण पीक जोमदार झाल्याने पासष्ट भाग वाफ होऊन गेले व झिरपले जेमतेम पाच. म्हणजे खालच्या विहिरींचे पस्तीस भाग गेले, आणि ‘वाचलेल्या’ तीस भागांवर त्याच शेतकऱ्याने नवे क्षेत्र भिजवले की खोऱ्याची तूट आणखी वाढली. ‘सायन्स’ नियतकालिकातील २०१८ च्या एका लेखात सिंचन कार्यक्षमतेचा हाच विरोधाभास मांडलेला आहे. म्हणून आधी उपशाला मर्यादा, मग अनुदान. ऑस्ट्रेलियाच्या मरे-डार्लिंग खोऱ्यात १९९५ मध्ये नदीच्या उपशावर मर्यादा आली, ती याच दिशेने.

प्रतिसाद १ (असहमत)

झिरपलेला प्रत्येक थेंब कुणाच्या तरी विहिरीत परत येतो, हे गृहीतकच मला मान्य नाही. खाली खारे भूजल असेल तर गोडे पाणी त्यात मिसळून वाया जाते. शिवाय झिरपणारे पाणी खतातील नायट्रेटही सोबत नेते. उपसा कमी झाल्याने वाचणारी वीज तुमच्या हिशेबात कुठेच नाही. इस्राएलने ठिबकवर कोरडवाहू मुलखात शेती उभी केली आणि आज तेथील बहुतांश सांडपाणी शुद्ध होऊन शेतीला जाते. तेथे हा विरोधाभास कुठे आडवा आला?

मूळ लेखक

खाऱ्या भूजलाचा मुद्दा रास्त आहे, तेथे माझा हिशेब बदलतो. इस्राएलचे उदाहरण मात्र माझ्याच बाजूचे आहे. पाणी मोजण्याचा कायदा तेथे १९५५ मध्ये झाला, सर्व पाणी सार्वजनिक ठरवणारा कायदा १९५९ मध्ये, आणि ठिबकचा व्यापारी प्रसार त्यानंतरचा. नळीच्या आधी मीटर आला होता.

प्रतिसाद २ (दोघांशीही असहमत)

मर्यादा घालायची, पण कोणत्या आकड्यावर? अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या १९२२ च्या करारात वरच्या व खालच्या खोऱ्याला दरवर्षी प्रत्येकी ७५ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर उंच साठेल इतके) पाणी वाटून दिले गेले; १९४४ च्या तहाने मेक्सिकोला आणखी १५ लाख. मूळ अंदाज ज्या वर्षांच्या नोंदींवर बेतला होता, ती नेमकी भरपूर पाण्याची निघाली. नदीत नसलेले पाणी कागदावर हक्क होऊन बसले आणि २०२२ मध्ये त्याच नदीवरील धरणाच्या मीड सरोवराची पातळी ते पहिल्यांदा भरल्यापासूनच्या नीचांकाला गेली. ठोस आकड्याची मर्यादा ही चूकच गोठवून ठेवते. हक्क हा उपलब्ध साठ्यातला हिस्सा असावा: धरण निम्मे, तर वाटाही निम्मा. मरे-डार्लिंगमध्ये दरवर्षीचे वाटप बरेचसे असेच ठरते, आणि मूळ लेखकाने तेथून उचलायचे तर हे उचलावे.

प्रतिसाद १

कालव्याच्या दाराला कुलूप लावता येते म्हणून हे सारे सोपे वाटते. भूजलाचे काय? हजारो बोअरवेल, प्रत्येक आपल्या मालकाच्या बांधाआड. २००२ मध्ये सोडलेले ‘ग्रेस’ उपग्रह २०१७ पर्यंत गुरुत्वाकर्षणातील बदलावरून विस्तीर्ण भूभागाचा साठा किती घटला ते सांगत, पण कोणत्या बोअरने किती ओढले ते नाही. मोजताच न येणाऱ्या पाण्याचा हिस्सा कसा ठरवणार? तोवर हाती असलेली नळी तरी का सोडावी?

मूळ लेखक

सोडू नये. पण अनुदानाच्या अर्जावर एक अट घालता येईल: बोअरला मीटर, आणि भिजणारे क्षेत्र पूर्वीइतकेच. ज्याला ही अट जाचक वाटेल, त्याला बचत नव्हे, विस्तार हवा होता.