मदत हवी आहे: रविवारच्या खग्रास चंद्रग्रहणासाठी ढगांपासून लांबची जागा

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी, ७ सप्टेंबर २०२५ला, खग्रास चंद्रग्रहण आहे. रात्री ९:५७ला चंद्राला पहिली काळी कड लागेल, ११ ते १२:२२ तो पूर्ण लाल दिसेल. आम्ही डोंबिवलीचे, आणि इथे आभाळ भरलेलंच आहे. जुलै २०१८चं १०३ मिनिटांचं ग्रहण असंच पावसात गेलं. लेक तेव्हा पाच वर्षांची होती, गच्चीवर छत्रीत उभी राहून "आता दिसेल का?" विचारत होती. यंदा तिला दाखवायचंच आहे. आई एरवी वेध पाळते, पण तीही येते म्हणाली.

माळशेज ओलांडून जुन्नर-आळेफाट्याकडे जावं, की थेट शिरूर, सुपे अशा पर्जन्यछायेच्या भागात? सप्टेंबरात तिकडे रात्री आभाळ उघडतं का? तिथल्या कुणी सांगितलं तर फार बरं होईल. म्हातारं माणूस सोबत आहे, त्यामुळे गाडी रस्त्यालगत सुरक्षित लावता येईल अशी जागा हवी. कुणाच्या शेतात थांबायचं तर आधी विचारूनच येऊ.

दुसरं म्हणजे फोटो. साडेचार इंची परावर्ती दुर्बीण आहे, चंद्रामागे दुर्बीण फिरवणारी मोटर नाही, मोबाइल आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) क्लॅम्पने लावतो. पौर्णिमेचा चंद्र छान येतो, पण खग्रासात तो इतका मंद होतो की एक्स्पोजर (प्रकाश घ्यायचा वेळ) वाढवावं लागतं आणि तेवढ्यात चंद्र सरकून चित्र फराटतं. मोटरशिवाय कुणी लाल चंद्र टिपलाय का? आयएसओ आणि शटर किती ठेवलं होतं?

शनिवारी विसर्जन आहे, त्यामुळे शुक्रवारपर्यंत कळलं तर बरं.