फोटोग्राफीची वेबसाइट केली, लोक येतात पण चौकशी एकही नाही

उजेडवेडा
मंडळी, मदत हवीये. चार वर्षं झाली लग्नाचे आणि तान्ह्या बाळांचे फोटो काढतोय, पूर्णवेळ हेच काम. आत्तापर्यंत सगळं ओळखीतनं नाहीतर इन्स्टाग्रामवरनं मिळालं. तीन महिन्यांपूर्वी स्वतः बसून वर्डप्रेसवर साइट केली, पहिल्या पानावर फुल स्क्रीन स्लाइडशो, १२ फोटो, मग गॅलरी, त्यात १८० एक फोटो असतील, मग माझ्याबद्दल थोडं आणि शेवटी संपर्काचा फॉर्म. लॅपटॉपवर छान दिसते. लोक येतायत, आकडे दिसतात, पण बरेचसे पहिल्याच पानावरनं परत जातात आणि फॉर्ममधनं आजवर एक मेल नाही. फोटो चोरीला जाऊ नयेत म्हणून राइट क्लिक पण बंद केलंय. थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, बदलू का? खूप रात्री घातल्यात हो यात, म्हणून विचारतोय.

पिक्सेलपंत
थीम राहू दे. आधी वायफाय बंद करून साध्या फोनवर साइट उघड आणि पहिला फोटो दिसेपर्यंत किती वेळ जातो ते बघ. कॅमेऱ्यातनं आलेला २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० असतो, तसाच चढवला असशील तर एकेक फोटो कित्येक एमबीचा आणि स्लाइडशोत असे १२, बघणारा थांबेल कशाला. लांब बाजू २००० ते २५०० पिक्सेल ठेव, जेपेगची क्वालिटी ७५-८० पुरते, वेबपी या वेबसाठीच्या फॉरमॅटमध्ये केलंस तर अजून हलकं होतं. एक्सपोर्ट करताना रंगांसाठी एसआरजीबी निवड, ते वेबवर सगळीकडे चालतं, ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीत राहिलेले फोटो बऱ्याच ठिकाणी फिके दिसतात, त्वचेचा रंग तर पार मरतो, आणि बाळांच्या फोटोत तेच तर सगळं असतं.

स्लाइडशो काढून टाक, एकच फोटो ठेव, तुझा सगळ्यात चांगला. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग लाव, म्हणजे माणूस तिथवर स्क्रोल करेल तेव्हाच ते उतरतात, पण वरच्या पहिल्याला अजिबात लावू नकोस, नाहीतर तोच उशिरा येतो. साइटचा वेग तपासणारं गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे, त्यात साइटचा पत्ता टाकून मोबाइलचा निकाल बघ, पानावरची मुख्य गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसली तर ते चांगलं धरतात.

राइट क्लिकचं म्हणशील तर स्क्रीनशॉट कोणीही काढतं. उलट एखादी नवरी आईला दाखवायला फोटो सेव्ह करू बघते तीच अडते, काढून टाक ते.

सावलीताई
पिक्सेलपंतांच्या सगळ्याला +१, पण मला वाटतं खरं दुखणं त्या १८० फोटोंत आहे. लग्न ठरलेलं माणूस साइटवर येतं ते तीनच गोष्टी बघायला, आमच्यासारख्यांचे फोटो हा कसे काढतो, आमच्या तारखेला मोकळा आहे का आणि आम्हाला परवडेल का. तुझ्या साइटवर लग्न आणि बाळं एकाच गॅलरीत असतील तर दोघांनाही वाटतं की हे आपल्यासाठी नाही. दोन वेगळी पानं कर, प्रत्येकात २५-३० फोटो, बास. आणि एक लग्न सुरुवातीपासनं शेवटपर्यंत दाखव, अंधारा हॉल, रडणारे वडील, गर्दीतला ग्रुप फोटो सगळं. निवडक सुंदर फोटो सगळ्यांकडे असतात, कमी उजेडात तू काय करतोस ते एका अख्ख्या लग्नातच कळतं. मी असं पान केल्यावर लोक फोनवर त्याच लग्नाबद्दल बोलायला लागले.

किमतीचं पण लिही, पूर्ण दरपत्रक नको, "इथून सुरू" एवढं तरी. काहीच नसलं की लोक विचारायला कचरतात. फॉर्ममध्ये नाव, फोन, तारीख, ठिकाण एवढंच ठेव.

आणि बाळांच्या आईवडिलांकडून साइटवर फोटो टाकायची परवानगी लेखी घेतलीस ना? फोनवर काढलेल्या फोटोंत जागेचं लोकेशन असू शकतं, ते काढूनच चढव.

तारयंत्र
एक मेल नाही म्हणजे फॉर्मच बंद असेल! वर्डप्रेसचे मेल होस्टिंगच्या सर्व्हरवरनं जातात, ते बऱ्याचदा स्पॅममध्ये पडतात किंवा पोचतच नाहीत. दुसऱ्याच्या फोनवरनं एकदा भरून बघ. एसएमटीपीचं (मेल पाठवायच्या पद्धतीचं) प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकून स्वतःच्या मेल खात्यातनं पाठव, आणि फॉर्मशेजारी फोन नंबर उघड लिही.

उजेडवेडा
तारयंत्र, बायकोच्या फोनवरनं फॉर्म भरला, मेल आलाच नाही. तीन महिने कोणी कोणी लिहिलं असेल देव जाणे, पोटात गोळा आला. प्लगइन टाकलंय, आता येतोय. स्लाइडशो पण काढला. ताई, परवानग्या घेतल्यात, पण तोंडी, आता लेखी घेतो. फक्त १८० मधले ३० कसे निवडू, सगळेच जवळचे वाटतात.

सावलीताई
तू निवडूच नकोस. जुन्या गिऱ्हाइकांनी अल्बमसाठी कुठले फोटो निवडले, भिंतीवर कुठले लावले, त्या याद्या तुझ्या मेलमध्ये असतील, तिथनं सुरुवात कर.