मदत हवी आहे: शेतकरी कंपनी, बचत गट, वसतिगृह यांचा ज्वारीचा करार, प्रेसनोटमध्ये काय लिहू?

कडबा_पेंढी
कळंब तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या प्रसिद्धीचं काम माझ्याकडे आहे. सभासद ३१०. लातूरच्या एका मुलींच्या वसतिगृहाशी बोलणी पक्की झालीत: १२० मुली, आठवड्यातून दोन रात्री ज्वारीची भाकरी, माणशी दोन. ज्वारी कंपनीची, दळण नि भाकरी बचत गटाकडं. सोमवारी सह्या. संचालकांना त्याच दिवशी पत्रकार परिषद पाहिजे आणि मथळाही त्यांनीच दिलाय: ‘३१० शेतकऱ्यांना हक्काची बाजारपेठ, मुलींना जैविक, ग्लुटेनमुक्त, मधुमेह रोखणारी भाकरी’. खटकतंय, पण नेमकं काय काढू? आणि शेतकरी, गट, मेसवाला या तिघांना वेगवेगळं सांगायचं की एकच?

बांधावरून
भाऊ, आधी हिशोब मांडा. १२० मुली, दोन भाकरी, म्हणजे २४०. भाकरीला ८० ग्रॅम पीठ धरलं तर एका रात्रीला १९-२० किलो, आठवड्याला ४०. चाळणीची घट धरून महिन्याला १८० किलो ज्वारी. वसतिगृह चालतं दहा महिने: १८ क्विंटल. कोरडवाहू शाळूचा (रब्बी ज्वारीचा) उतारा एकरी चार-पाच क्विंटल धरा. म्हणजे हा अख्खा करार चार एकरांचा आहे! ३१० शेतकऱ्यांची बाजारपेठ छापून आली की दुसऱ्या दिवशी ३१० जण कट्टे घेऊन दारात.

आकडा लहान आहे याची लाज वाटू देऊ नका, तोच छापा.

तवा_परात
गटाच्या बाजूनं लिहिते. दोन तव्यांवर एका बाईच्या हातून तासाला ३५-४० भाकरी होतात. २४० साठी तीन बायांना दोन तास, शिवाय पीठ मळायला आणि वाढायला वेगळं माणूस. करारात ‘भाकरी पुरवठा’ एवढंच लिहिलं तर गॅस कुणाचा नि मजुरी भाकरीवर की तासावर, यावरून दुसऱ्याच महिन्यात वाजतं.

पीठ महिन्याचं एकदम दळू नका. ज्वारीच्या दाण्यातल्या अंकुरात तेल असतं, उन्हाळ्यात पीठ लवकर कडसर होतं. विरी (पिठाचा चिकटपणा) गेली की थापताना कडा चिरतात. दर आठवड्याला ४० किलोच दळा. मुलींनी भाकरी टाकली तर निम्म्या वेळा कारण जुनं पीठ असतं, नाव मात्र ज्वारीचं खराब होतं. खरिपाची ज्वारी तर नकोच. काढणीला पाऊस लागला की दाणा काळा पडतो आणि भाकरी करडी दिसते.

मेसवाल्याला एक ओळ ठळक करून द्या: सुट्टी, परीक्षा, सहल असेल तर चार दिवस आधी कळवायचं. दळलेलं पीठ परत घेणार कोण?

चाळणी
मथळ्यातले तीन शब्द अंगाशी येतील.

‘मधुमेह रोखणारी’ आजच काढा. खाद्यपदार्थानं आजार बरा होतो किंवा टळतो असा दावा अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांत बसत नाही.

‘ग्लुटेनमुक्त’: ज्वारीत ग्लुटेन नसतं हे खरं. पण गावच्या चक्कीवर आधी गहू दळलेला असतो, त्याचं पीठ जात्यात अडकून राहतं. मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅमची. चक्की वेगळी नसेल आणि तपासणी नसेल तर हा शब्द वापरू नका. गव्हाचा त्रास असलेली एखादी मुलगी भरवशावर खाईल.

‘जैविक’: पीजीएस (शेतकरी गटानं एकमेकांची शेतं तपासून मिळणारं) किंवा एनपीओपी (त्रयस्थ संस्थेनं तपासून दिलेलं) प्रमाणपत्र कुणाच्या शेताचं आहे ते बघा. ते नोंदलेल्या शेतकऱ्यांपुरतं असतं, कंपनीच्या सगळ्या मालाला लागू होत नाही. हंगामी पिकांना रूपांतराची दोन वर्षं लागतात; तोवर नुसतं ‘जैविक’ लिहिता येत नाही.

कडबा_पेंढी
बाप रे. आमच्यातल्या चौदा जणांचा पीजीएस गट आहे, पण दुसरंच वर्ष चालू आहे. संचालक आता म्हणतात, मग ‘दगडी ज्वारी’ लिहा, तिला मानांकन मिळालंय.

चाळणी
ते भौगोलिक मानांकन जालन्याच्या दगडी ज्वारीचं. तुमची ज्वारी कळंबची. शिवाय जालन्याच्या शेतकऱ्यालाही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. नाव घेऊ नका. वाण मालदांडी असेल तर मालदांडी लिहा, परभणी मोती असेल तर तसं. खरं वाण लिहिणारी प्रेसनोट क्वचितच दिसते.

बांधावरून
तिघांना वेगवेगळं सांगू नका. कागद एकच करा: कोण, किती, कुठल्या वारी, अडलं तर फोन कुणाला. प्रत्येकाला पाठवताना त्याच्या कामाची ओळ वर घ्या, बाकी मजकूर तोच. शेतकऱ्यांसाठी मिनिटभराचा आवाजी निरोपही करा, लांबलचक मेसेज कुणी वाचत नाही. नमुना:

‘राम राम. वसतिगृहासाठी शाळू घ्यायचा आहे. यंदा फक्त १८ क्विंटल. नऊ जणांकडून दोन-दोन क्विंटल. नावं चिठ्ठी टाकून, सर्वांसमोर. ओलावा १२ टक्क्यांच्या आत, काळा दाणा नको. भाव मापाच्या दिवशीचा बाजार समितीचा. पैसे १५ दिवसांत खात्यावर.’

शेवटचं वाक्य पाठवायच्या आधी संचालकांना विचारा. शाळू निघतो फेब्रुवारी-मार्चात, वसतिगृह जूनला उघडतं, मेसचे पैसे यायला जुलै उजाडणार. मधले चार महिने कंपनी कुठून भागवणार? आणि माल मार्चपासून पडून राहणार. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवला नाही तर श्रावणात सोंडे.

पत्रकार परिषद सोमवारी नको. चौथ्या आठवड्याची भाकरी ताटात पडल्यावर दोन-तीन पत्रकारांना संध्याकाळी थेट चुलीजवळ बोलवा. मुलींचे फोटो त्यांना आणि अधीक्षकांना विचारूनच.

कडबा_पेंढी
संचालकांनी परिषद पुढे ढकलली, कुरकुरत. नवा मथळा: ‘कळंबची मालदांडी लातूरच्या वसतिगृहात, नऊ शेतकऱ्यांना १८ क्विंटलची हक्काची बाजारपेठ’. चालेल?

तवा_परात
‘हक्काची’ काढा, करार एकाच वर्षाचा आहे. आणि गटाचं नाव कुठंय?