बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन, रक्त पातळ करायची गोळी किती दिवस आधी बंद करायची?

नंदगडवाला

नमस्कार मंडळी. बाबांचं वय 71. उजव्या जांघेत हर्निया आहे, उभं राहिलं की गाठ येते, आडवं झालं की आत जाते. सुगी आटोपली, मळणी झाली, म्हणून आता करून घेऊ म्हणालो. बेळगावात पुढच्या गुरुवारी सकाळची वेळ मिळालीय.

अडचण अशी की बाबांना गेल्या वर्षी गणपतीत लकव्याचा झटका येऊन गेलाय. आत्या मिरजेला असते, तेव्हा तिच्याकडेच होते, म्हणून उपचार तिकडेच झाले. हृदयाचे ठोके अनियमित आहेत, त्यातून गुठळी मेंदूत गेली असं तिथले डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून रक्त पातळ करायची अपिक्साबॅन 5 ची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. बीपी आणि शुगरच्या गोळ्या वेगळ्या. हात सुधारला, बोलणं सुधारलं, चिठ्ठी वाचताना जरा अडखळतात एवढंच.

बेळगावच्या सर्जनकडं गेलो तर गर्दी होती. बाहेरच्या माणसानं सांगितलं, "ब्लड थिनर बंद करून या." किती दिवस, ते नाही. शेजारचे काका म्हणतात दहा दिवस आधी बंद करा, नाहीतर टेबलावर रक्त थांबायचं नाही. खानापूरचा मेडिकलवाला म्हणतो एक दिवसही चुकवू नका, परत झटका येईल. मिरजेच्या डॉक्टरांची तारीख पुढच्या महिन्यात आहे. कुणाचं ऐकू सांगा की ओ.

निपाणीकर

माझ्या सासऱ्यांचं प्रोस्टेट झालं तेव्हा आम्ही सरळ दहा दिवस सगळं बंद ठेवलं होतं. काही झालं नाही. घाबरू नका.

शहापूरची सिस्टर

नंदगडवाले दादा, मी ऑपरेशन थिएटरमध्ये नोकरी करून निवृत्त झालेली बाई. डॉक्टर नाही, तेव्हा तारीख मी ठरवून देणार नाही. पण ती तारीख कशावरून ठरते आणि कुणाकडून काय लिहून घ्यायचं, ते सांगते.

आधी निपाणीकरांना. तुमच्या सासऱ्यांना काही झालं नाही ही देवाची कृपा, पण ते कुठली गोळी घेत होते आणि कशासाठी, ते तुम्ही लिहिलं नाही. पूर्वी सगळ्यांना वॉरफेरिन नाहीतर अ‍ॅसिट्रॉम असायची. वॉरफेरिन अंगातून उतरायला दिवस लागतात, ती साधारण पाच दिवस आधी थांबवतात. अपिक्साबॅन तशी नाही. दर बारा तासांनी तिचा जोर साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे मूत्रपिंडं बरी असतील तर दोन-तीन दिवसांत ती जवळजवळ गेलेली असते. दहा दिवस बंद ठेवून रक्तस्राव आणखी कमी होत नाही. उरलेला आठवडा माणूस नुसता उघड्यावर राहतो.

आणि तुमचे बाबा साधे नाहीत. ठोके अनियमित असणाऱ्यांची गुठळीची जोखीम डॉक्टर गुण देऊन मोजतात. बीपीचा एक, शुगरचा एक, 65 ते 74 वयाचा एक, आधी झटका येऊन गेला त्याचे दोन. बाबांचे पाच झाले. दोनलाच गोळीचा विचार सुरू होतो. त्यात ऑपरेशन झालं की शरीर स्वतःहून रक्त गोठवायच्या मागे लागतं, जखम भरायची असते ना. वर माणूस पडून. म्हणजे ज्या दिवसांत गोळी नाही, नेमक्या त्याच दिवसांत गुठळीचा धोका वाढलेला.

म्हणून मेडिकलवाल्याचं भय खोटं नाही आणि काकांचंही नाही. दोघेही अर्धं बोलतात.

झटक्याला वर्ष उलटून गेलंय हे मात्र चांगलं. डेन्मार्कमध्ये लाखो ऑपरेशनांची नोंद तपासून 2014 साली छापलं होतं की झटक्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत ऑपरेशन केलं तर पुन्हा झटक्याचा धोका फार मोठा असतो, मग उतरत जातो आणि नऊ महिन्यांच्या आसपास स्थिरावतो. थांबता येण्यासारखं ऑपरेशन म्हणूनच थांबवतात. तुम्ही ती वेळ ओलांडलीय.

आता गोळीचं. 2019 साली अशाच नव्या गोळ्या घेणाऱ्या तीन हजारांवर रुग्णांचा अभ्यास आला. कमी रक्तस्रावाच्या ऑपरेशनला आदला एक दिवस गोळी नाही, मोठ्या रक्तस्रावाच्या ऑपरेशनला आदले दोन दिवस नाही. नंतर लहान असेल तर साधारण एका दिवसानं पुन्हा चालू, मोठं असेल तर दोन-तीन दिवसांनी. मध्ये रक्त पातळ ठेवणारी हेपारिनची इंजेक्शनं वगैरे काही नाही. अपिक्साबॅनवाल्यांत झटका किंवा तशी गुठळी हजारात दोघांनाही झाली नाही, मोठा रक्तस्राव शंभरात एक-दीड. हर्निया तसा कमी रक्तस्रावाच्या गटात बसतो. पण आपल्याकडं हर्निया बहुतेक ठिकाणी कमरेत भुलीची सुई देऊन करतात, आणि तिथं हिशेब बदलतो. त्यावर कुणी भूलतज्ज्ञ इथं असतील तर त्यांनी बोलावं.

आता माझं खरं म्हणणं. बंद कधी करायची हे सगळे विचारतात. परत कधी चालू करायची हे कुणी विचारत नाही. मी नोकरीत असताना एका गृहस्थांचं ऑपरेशन छान झालं, घरी गेले. डिस्चार्ज कार्डावर अँटिबायोटिक, दुखण्याची गोळी, गॅसची गोळी. रक्त पातळ करायच्या गोळीचं नाव नाही. घरच्यांना वाटलं डॉक्टरनी कायमची बंद केली. सर्जनना वाटलं हृदयाचे डॉक्टर बघतील. हृदयाच्या डॉक्टरना ऑपरेशन झालंय हेच ठाऊक नव्हतं. दोन आठवड्यांनी तोंड वाकडं होऊन कॅज्युअल्टीत आले. त्या घरचं कुणी अडाणी नव्हतं, मुलगा बँकेत होता.

तुमच्याकडं तर एक डॉक्टर मिरजेला आणि एक बेळगावात. दोघांच्या मध्ये फाईल घेऊन फिरणारे तुम्हीच. मिरजेची तारीख पुढच्या महिन्यात असू दे, फोन आजच लावा. नाहीतर आत्याला पाठवा ओपीडीत, फाईलचा नंबर घेऊन. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी फोनवर दोन मिनिटं बोलले तरी पुरे. बेळगावात त्या बाहेरच्या माणसाला नको, सर्जनना स्वतःला भेटा. एका कागदावर लिहून घ्या: शेवटची गोळी कुठल्या वारी, सकाळची की रात्रीची. परत पहिली गोळी कुठल्या वारी, कुणी सांगितल्यावर. खाली सही. तो कागद फाईलीत नको, बाबांच्या शर्टाच्या खिशात.

आणि घरातली इतर औषधं तपासा. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक, कुणी दिलेली इकोस्प्रिन म्हणजे अस्पिरिन, कसला काढा, सगळं दाखवा. पोरं हे सांगत नाहीत, म्हातारी माणसं तर मुळीच नाहीत.

हुक्केरीची वैशाली

सिस्टर, मध्येच विचारते. माझ्या थोरल्या बहिणीचा हृदयाचा वॉल, म्हणजे झडप, बदललाय, धातूचा आहे, डाव्या बाजूचा, मायट्रल. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला, त्यातून बिघडला म्हणे. ती अ‍ॅसिट्रॉम घेते. आता पित्ताशयात खडे निघालेत. तिलाही दोन दिवस बंद केली की झालं का? की ती नवी गोळी घेतली तर सोपं पडेल?

शहापूरची सिस्टर

वैशालीताई, नाही. वरचं एकही वाक्य बहिणीला लावू नका.

धातूच्या वॉलला नवी गोळी चालत नाही. नव्यांतली एक, डाबिगॅट्रान, देऊन बघितली होती, वॉलवर गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले, अभ्यास मध्येच थांबवावा लागला. अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफेरिनच. आणि मायट्रलच्या जागेवरचा धातूचा वॉल हा सगळ्यांत जास्त गुठळी धरणारा. तिचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा तपासणीतला आकडा, साधारण अडीच ते साडेतीनमध्ये ठेवायला सांगितलं असेल.

अशा रुग्णांत गोळी थांबवल्यावर मधले दिवस हेपारिनच्या जातीचं इंजेक्शन, पोटाच्या कातडीत, देण्याचा विचार करतात. शेवटचं इंजेक्शन ऑपरेशनच्या 24 तास आधी. आदल्या दिवशी आयएनआर तपासून दीडच्या खाली आलाय का बघतात. अ‍ॅसिट्रॉम वॉरफेरिनपेक्षा लवकर उतरते, म्हणून ती दोन-तीन दिवस आधी थांबवतात, पाच नाही. हे सगळं वॉल बदलणाऱ्या किंवा त्याची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

गंमत बघा, नुसते ठोके अनियमित असणाऱ्यांना वॉरफेरिन थांबवताना हेच इंजेक्शन वर्षानुवर्षं दिलं जायचं. मीच किती टोचलीयत. मग 2015 साली 1884 रुग्णांवरचा अभ्यास आला. इंजेक्शन दिलेल्यांत गुठळ्या काही कमी झाल्या नाहीत, मोठा रक्तस्राव मात्र 3.2 टक्के, न दिलेल्यांत 1.3. त्यानंतर बहुतेकांसाठी ते मागे पडलं. पण त्या अभ्यासात धातूचे वॉलवाले घेतलेच नव्हते. म्हणून कुणी तुम्हाला "आता इंजेक्शन देत नाहीत" म्हणालं तर विचारा, कुणाला देत नाहीत?

पालेभाजीचंही एक. अ‍ॅसिट्रॉमवर असताना मेथी, पालक खायचाच नाही असं नाही. रोजचं प्रमाण अचानक बदलायचं नाही. ऑपरेशननंतर आठवडाभर नुसती पेज पोटात गेली आणि जुनाच डोस चालू राहिला तर आयएनआर उसळतो.

चिकोडीचा भूलवाला

सिस्टरांनी हाक दिली म्हणून लिहितोय. सरकारी नोकरीत आहे, भूल देतो.

कमरेत सुई देताना मणक्याच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर रक्त साठलं तर पाय कायमचे जाऊ शकतात. फार क्वचित होतं, पण झालं तर काही तासांच्या आत उघडून मोकळं करावं लागतं. म्हणून रक्तस्राव कितीही किरकोळ असणार असला तरी सुईसाठी आम्ही जास्त अंतर मागतो. अपिक्साबॅनच्या पूर्ण डोसला 72 तास.

गुरुवार सकाळ धरली तर ढोबळ चित्र असं. कमरेत सुई द्यायची असेल तर रविवारी रात्रीची गोळी शेवटची. पूर्ण भूल द्यायची असेल, किंवा काही सर्जन जागा बधिर करूनही हर्निया करतात, तर मंगळवारी रात्रीपर्यंत चालू शकते. म्हणजे भूल कुठली यावरून बाबा दोन दिवस जास्त किंवा कमी गोळीविना राहणार. पाच गुण आणि मागचा झटका बघता मी असतो तर जागा बधिर करण्याचा पर्याय सर्जनशी आधी बोललो असतो. पण माणूस समोर नाही, तेव्हा हे तुमच्या भूलतज्ज्ञाशी बोला. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नको, या आठवड्यातच. भूलतपासणी म्हणून वेगळी ओपीडी असते, तिथं जा.

क्रिएटिनिन करून घ्या. मूत्रपिंडं मंद असतील तर गोळी जास्त वेळ राहते. डाबिगॅट्रान घेणाऱ्यांनी तर हे करायलाच हवं, ती सुमारे 80 टक्के मूत्रपिंडांतूनच जाते.

आणखी एक. गुरुवारच्या आत गाठ कडक झाली, आत जाईना, दुखायला लागलं, उलट्या झाल्या, तर गोळीचा हिशेब करत घरी बसू नका. तडक निघा. शेवटची गोळी किती वाजता घेतली तेवढं सांगा, बाकी आम्ही बघतो.

निपाणीकर

सासऱ्यांची चिठ्ठी काढून बघितली. त्यांची गोळी इकोस्प्रिन होती. हे वेगळं असतं का?

शहापूरची सिस्टर

हो, वेगळं. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल या रक्तातल्या पेशींना चिकटू देत नाहीत, हृदयात स्टेंट असला की देतात. स्टेंट नवा असेल तर त्या थांबवणं फार धोक्याचं. थांबता येणारं ऑपरेशन स्टेंटनंतर साधारण सहा महिने, हार्ट अटॅकमुळं टाकला असेल तर वर्षभर पुढं ढकलतात, आणि इकोस्प्रिन बहुतेक वेळा चालूच ठेवतात. सासऱ्यांना स्टेंट नसेल तर हा विषय सोडा.

नंदगडवाला

सगळ्यांचे आभार. आत्या मिरजेला ओपीडीत जाऊन बसली. तिथल्या डॉक्टरांनी बेळगावच्या सर्जनना स्वतः फोन केला. क्रिएटिनिन 1.0 आलं. भूलतपासणी केली, तिथल्या मॅडमनी जागा बधिर करून करायचं ठरवलं, बाबा शांत पडून राहतील म्हणून. शेवटची गोळी मंगळवारी रात्री. जखम कोरडी दिसली तर शुक्रवारी संध्याकाळी पहिली, सर्जन बघून सांगणार. कागदावर लिहून सही घेतली. लिहिताना सर्जन हसले, म्हणाले, "कुणी शिकवलं?"

आता घरी काय बघायचं ते एकदा सांगा सिस्टर. आणि दुखलं तर बाबांची गुडघ्याची गोळी चालेल का?

शहापूरची सिस्टर

डायक्लोफेनॅक नको. अपिक्साबॅनबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल विचारून घ्या, बहुतेक तीच देतील.

त्याच दिवशी उठवून चालवा, घरातल्या घरात, थोडं थोडं. जांघेत, अंडकोषाच्या पिशवीवर निळं-काळं पडणं नेहमीचं आहे. पण सूज तासातासाला वाढत गेली, पट्टी भिजून परत भिजली, शौचाला काळं झालं, तर सर्जनना फोन. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली किंवा अचानक दम लागला तर ती पायातली किंवा तिथून फुप्फुसात गेलेली गुठळी असू शकते, तेव्हाही थांबायचं नाही.

तोंड वाकडं, हात खाली पडतो, बोलणं जड, यातलं एक जरी दिसलं तर खानापुरात वेळ घालवू नका. ताज्या ऑपरेशननंतर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन बहुतेक देता येत नाही, तारेनं गुठळी ओढून काढायची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच जावं लागतं. तशी सोय बेळगावात कुठं आहे ते बुधवारीच सर्जनना विचारून त्याच कागदाच्या मागं लिहा, फोन नंबरसकट.