कॅन ओतायच्या आधी पाण्याचा नमुना घ्या

कृष्णाकाठ:
काल इथं एकानं लिहिलं की मळीच्या पाण्यानं नासलेल्या विहिरीत जिवाणूंचं कल्चर सोडा, पाणी नितळ होतं. अलास्काचा समुद्र म्हणे जिवाणूंनी साफ केला, तर वाळवा-पलूसच्या विहिरींची काय कथा! खाली सगळे 'कल्चरचा कॅन कुठं मिळेल' विचारतायत. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

1989 मध्ये अलास्काजवळ एक्झॉन वाल्डीझ हे तेलवाहू जहाज फुटलं तेव्हा किनाऱ्यावरच्या गोट्यांत तेल खाणारे जिवाणू आधीपासून होते. त्यांना नत्र-स्फुरद कमी पडत होतं, तेवढं खत मारलं. त्याआधी माणसांनी आणि यंत्रांनी किनारा धुऊन तेल काढलं होतं. तरीही वाळूखाली तेलाचे थर कित्येक वर्षांनी सापडलेच.

आता आपल्याकडं. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचा, म्हणजे मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरलेल्या पाण्याचा, बीओडी (घाण खाताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) लिटरला 40-50 हजार मिलिग्रॅमपर्यंत जातो, नदीत सोडायची मर्यादा 30. त्यातलं सहज कुजणारं ते जिवाणू झपाट्यानं खातात, पाण्यातला प्राणवायू संपवतात, म्हणूनच कृष्णेत मासे मरतात. काळा रंग मेलॅनॉयडिन या रंगद्रव्याचा, त्याला बहुतेक जिवाणू तोंड लावत नाहीत. पोटॅश, क्लोराइड तर कुणीच खात नाही. वास गेला की आपण समजतो पाणी सुधारलं. आणि विहीर म्हणजे हौद नव्हे. मोटर चालवली की मुरमातून, कातळाच्या फटीतून नवं पाणी आत येतं. वरची लगून (कारखान्याचं सांडपाण्याचं तळं) गळकीच राहिली तर कॅनचे पैसे पाण्यात.

मंजिरी_कऱ्हाड:
तुमच्या लिहिण्यावरून लोक समजतील की हे तंत्रच थोतांड आहे. मी पेट्रोल पंपाच्या गळक्या टाकीवर काम केलंय. माती उकरून ढीग लावले, खालून हवेचे पाइप, ओल राखली, युरिया दिला. पहिल्यांदा ढिगाजवळ उभं राहवत नव्हतं, डोळे चुरचुरायचे. काही महिन्यांनी तीच माती हातात घेऊन चुरली तर शेतातल्या मातीसारखा वास. लॅबचे आकडेही उतरले. तेरी या संशोधन संस्थेचं ऑइलझॅपर रिफायनरीच्या गाळावर वापरलं गेलंय, ते बाहेरून सोडलेलेच जिवाणू आहेत. क्लोरीनवाली सॉल्व्हंट (कारखान्यात तेलकटपणा धुवायची रसायनं) भूजलात असतील तर डिहॅलोकोकॉइडिस हा जिवाणू लागतो. तो तिथं नसेल तर आणून सोडावाच लागतो, नाहीतर काम अर्ध्यावर अडकतं, कधी व्हिनाइल क्लोराइडवर, आणि ते मूळ विषापेक्षा वाईट. तेव्हा 'आधीपासून होते' हे सगळीकडं लावू नका.

कृष्णाकाठ:
सॉल्व्हंटचा मुद्दा मान्य. पण ताई, तुम्ही आधी गळकी टाकी काढली, माती तपासली, मग जिवाणूंकडं वळलात. इथं लोक काहीच न तपासता ओततायत.

आष्टेकर:
तुम्हा शिकलेल्यांना आमची विहीर कधी दिसली? पाणी चहासारखं काळं, म्हशी हुंगून माघारी वळायच्या. तक्रारी केल्या, कुणी फिरकलं नाही. शेवटी कल्चर सोडलं. वास गेला, म्हशी पाणी प्यायला लागल्या. हे खोटं का?

कृष्णाकाठ:
आण्णा, खोटं कोण म्हणतंय? कल्चर कधी सोडलं? कारखाना तेव्हा चालू होता का?

आष्टेकर:
मे महिन्यात. पट्टा पडला होता, गळीत हंगाम संपला होता. जूनला पाऊस लागला. म्हणजे सगळं पावसानं केलं म्हणा! माझ्या पैशाला काही किंमतच नाही.

वाळवा_ऊस:
विहिरीचं घेऊन बसलाय, इथं जमिनी मेल्यात. नदीकाठची काळी रानं क्षारपड झाली, वर पांढरं मीठ फुटतंय, ऊस गुडघ्याच्या वर जाईना. आता कॅनवाले त्यावरही जिवाणू विकतायत. माझ्या चुलत्यानं घेतले. रान होतं तसंच.

तासगाव_बाग:
क्षारपड कुणी केली? सरीत पाणी सोडून घरी झोपणाऱ्यांनी. आम्ही टँकरनं द्राक्षबागा जगवल्या, म्हैसाळ योजनेच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं डोळे लावून बसलो, आणि तुम्ही पाणी जिरवून जमीन मारलीत. आता जिवाणूंनी तरी काय करावं?

वाळवा_ऊस:
तोंड सांभाळून बोला. ठिबकचं कर्ज तुम्ही फेडणार का? ओढे बुजवले, चर मुजवले, पाणी जाणार कुठं? खालच्या शेतकऱ्यानं पाणी अडवलं की वरच्याची जमीन जाते, त्यात माझा काय दोष? बागवाल्यांनी तरी मोरचूद किती मारलं ते सांगा. ते तांबं मातीतच बसलंय.

तासगाव_बाग:
मोरचूद-चुन्याचं बोर्डो नाही मारलं तर डाऊनी रोग बाग खाऊन टाकतो. हौसेनं मारतो का आम्ही?

मंजिरी_कऱ्हाड:
दोघंही थांबा. मीठ आणि तांबं जिवाणू संपवू शकत नाहीत. तांबं मूलद्रव्य आहे, मीठही मूलद्रव्यांचंच बनलेलं; रूप बदलतील, नाहीशी होणार नाहीत. क्षारयुक्त जमिनीला जमिनीखालचे सच्छिद्र निचरा पाइप लागतात, मग वरून चांगलं पाणी देऊन क्षार धुवायचे. जिप्सम चोपण जमिनीला, जिथं सामू (पीएच) 8.5 च्या वर आणि सोडियम जास्त. निचरा नसताना जिप्सम टाकलं तर तेही वाया. एकट्यानं पाइप टाकून भागत नाही, पाणी बाहेर काढायला पूर्ण शिवार लागतं. वाळव्याच्या दादांचं तेवढं बरोबर आहे.

तासगाव_बाग:
बरोबर असेल. पाणी जास्त दिलं हेही बरोबरच आहे.

कृष्णाकाठ:
मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगतो. राजस्थानातल्या बिछडी गावच्या विहिरी एच-ॲसिड या रसायनाच्या कारखान्यांनी नासवल्या. सुप्रीम कोर्टानं 1996 मध्ये सांगितलं, ज्यानं घाण केली त्यानंच निस्तरायची. तरी पैसे वसूल होईनात, 2011 मध्ये कोर्टाला व्याज लावावं लागलं. भांडायला पुरावा असूनही इतकी वर्षं गेली. आपण स्वतःच्या खिशातून कॅन आणून ओततो आणि आधीचं पाणी कसं होतं ते कुठंच नोंदवत नाही. उद्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचा माणूस आला की विहिरीत त्याला काय सापडणार? घाण करणारा सुटतो, खर्च आपला.

आष्टेकर:
मंडळाचा माणूस येतोच कधी? आला तरी कारखान्याला आधी खबर असते.

कृष्णाकाठ:
म्हणूनच विहिरीचा नमुना आपण घ्यायचा. मोटर थोडा वेळ चालवून साठलेलं पाणी काढून टाका, मग बाटली काठोकाठ भरा, बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला द्या. सामू, ईसी (क्षारांचं प्रमाण दाखवणारी विद्युतवाहकता), सीओडी (रसायनानं मोजलेली प्राणवायूची गरज), क्लोराइड, सल्फेट, पोटॅशियम, नायट्रेट एवढं तपासा. वरच्या अंगाच्या, लगूनपासून लांबच्या विहिरीचाही घ्या, नाहीतर ते म्हणतील तुमच्या खतानंच झालं. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना मात्र मंडळानंच घ्यावा लागतो. 1974 च्या जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे, मालकाला नोटीस देऊन, सील करून. त्यासाठी अर्ज द्या, पोच घ्या, आणि पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून द्या.

मंजिरी_कऱ्हाड:
लगूनला अस्तर घातल्यावर जिवाणूंचा विचार करायला माझी ना नाही. खालच्या भूजलातलं नायट्रेट जिवाणू खरंच नायट्रोजन करून हवेत सोडतात, त्यांना कार्बन पुरवावा लागतो. पण कातळाच्या कुठल्या फटीतून पाणी चाललंय ते आधी कळायला हवं.

आष्टेकर:
ठीक आहे. बॉयलर पेटायच्या आधी एक नमुना घेतो, मोळी पडून गळीत सुरू झाल्यावर महिनाभरानं दुसरा. पोरगा लॅबला नेईल. पण अर्जावर कुणी आलं नाही आणि म्हशी पुन्हा माघारी वळायला लागल्या, तर मी कॅन ओतणार, आत्ताच सांगून ठेवतो.